मशीन अजून दुरुस्त झालेलं नाही

ता. ४

सरकार,

पोचलो. हात, पाय, नाक, कान सगळं जागच्या जागी आहे. तू अबोला धरलास म्हणून मीही धरावा असा काही कायदा नाही, म्हणून लिहितोय. फोनच करणार होतो, पण मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाचे फोन बंद झाले. माझ्या पायगुणाने नसावेत. पावाचा ट्रक आठवड्यातून एक-दोनदा सीमेपलीकडच्या गावाला जातो आणि ड्रायव्हर तिथल्या पोस्टात पत्र टाकतो. तिथला पत्ता पाकिटामागे लिहिलाय. उत्तर पाठवायचं असेल तर त्या पत्त्यावर. नसेल पाठवायचं तर पाकीट ठेव, वाण्याची यादी लिहायला होईल.

टीव्हीवर तू काय बघत असशील ते मला इथे बसून दिसतंय. जळणारे टायर आणि पळणारी माणसं. ते सगळं या देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे म्हणे. इथे आमच्या फॅक्टरीत पावाचा वास असतो आणि वारा फिरला की शेजारच्या कारखान्यातल्या साबणाचा. अधूनमधून लांबून ठो ठो ऐकू येतं. मी विचारलं तर म्हणाले, खाणीत सुरुंग लावतात. असेल. खाण मला कुठे दिसली नाही, पण मी शोधलीही नाही.

मशीन आपल्या कंपनीचंच आहे. एका टोकाला कणकेचे गोळे ठेवायचे, पट्टा त्यांना भट्टीतून फिरवून आणतो आणि दुसऱ्या टोकाला भाजलेले पाव पडतात. लांबीला आपल्या गल्लीएवढं. ते बंद पडलंय. तोवर दोन जुन्या भट्ट्यांवर हाताने काम चालू आहे, त्यामुळे गाव उपाशी नाही. तीन तरण्याबांड इंजिनिअरांनी इकडे यायला नकार दिला, तेव्हा साहेबांना रिटायर झालेला मी आठवलो. तुझं म्हणणं, तिथेच मला कळायला हवं होतं. माझं म्हणणं, वर्षभर मी घरातल्या पंख्यांना तेल घालत फिरत होतो तेव्हा ‘अहो, जरा बाहेर पडा’ असं कोण म्हणत होतं? पडलो बाहेर. अंतर थोडं जास्त झालं, एवढंच.

काम आठ दिवसांचं आहे. साखळी सैल पडलीय आणि दोन बेअरिंग गेलीत. आपल्या लेकीचे, ठकीचे, दिवस भरायच्या आत मी दारात हजर. त्या वेळी तरी दार उघड. निघताना तू तिला घेऊन बहिणीकडे निघून गेलीस आणि मी कुलपाला ‘येतो’ म्हणून आलो, हे काही बरं झालं नाही.

आपला आज्ञाधारक, निदान कागदावर तरी

ता. १२

सरकार,

शनिवारी मशीन चालू केलं. काय चाललं म्हणून सांगू! लोण्यासारखं. पहिला पाव मी स्वतः उचलला, हात भाजला, तरी खाल्ला. आणि सोमवारी सकाळी बटण दाबतो तर ढिम्म. उघडून बघितलं तर नव्या कोऱ्या बेअरिंगमध्ये ओली कणीक ठासलेली. म्हणजे कव्हर न लावता रविवारी कुणीतरी खेळत बसलं असणार. इतका चिडलो की आपल्या भाषेत शिव्या घातल्या. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण सगळे माना खाली घालून नीट ऐकत होते. तू माझं इतकं कधी ऐकलं नाहीस.

आणि दुर्दैव बघ, सोमवारीच परवानावाला येतो. हा इथला सरकारी माणूस. मला इथे राहायची परवानगी फक्त मशीनच्या कामापुरती आहे. मशीन चालू दिसलं की काम संपलं, परवाना संपला, दोन दिवसांत देशाबाहेर. बंद दिसलं तर आणखी एका आठवड्याचा शिक्का. त्याने शिक्का मारला आणि माझा आठवडा गेला.

इथल्या माणसांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मीच ठेवलीत. मुकादम म्हणजे मिशीवाले. हिशेब बघतो तो पोपट. मला कळेल अशी भाषा त्याला एकट्यालाच येते, त्यामुळे मी बोललो की तो बोलतो, ते बोलले की पुन्हा तो बोलतो. कणीक मळणाऱ्या बायकांची म्होरकी मावशी. तिला माझं नाव माहीत नाही, मला तिचं नाही, पण मी ताटात काही टाकलं की ती अशी बघते की मी गुपचूप संपवतो. तिचा मुलगा भट्टीवाला. तिशीचा गडी, दारातून वाकून आत येतो. आणि ट्रे धुणारा एक आहे, शीळवाला. दिवसभर एकच धून. ती वाईट नाही, पण एकच आहे.

पाहुणचार मात्र जरा अतीच. रोज संध्याकाळी मिशीवाले फाटकात खुर्ची टाकतात आणि मला कंपनीचं पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, असा सजवून तिथे बसवतात. मग चहा. मी म्हटलं, अहो, चहा प्यायला हेल्मेट कशाला? पोपट म्हणाला, ‘साहेब, मान असतो.’ कसला मान! रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एक जीप जाते, तिच्यातले बंदुकवाले माझ्याकडे टक लावून बघतात, मी त्यांच्याकडे बघतो, आणि जीप पुढे जाते. शेतातलं बुजगावणं झालोय नुसता.

पायाला सूज आलीय का ठकीच्या? मीठ कमी दे तिला. तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

बुजगावणं

ता. १८

सरकार,

आजचं पत्र गोड असणार नाही.

मशीन पुन्हा चालू केलं, आणि पुन्हा सोमवारच्या तोंडावर बंद पडलं. या वेळी साखळीची एक पिन गायब. गळून पडली असती तर खाली सापडली असती. मी झोपून, रांगून, टॉर्च तोंडात धरून अख्ख्या मशीनखाली फिरलो. परवानावाल्याने हसत शिक्का मारला. आणि मशीन बंद पडलं की या लोकांचे चेहरे कसे होतात माहीत आहे? उतरत नाहीत. लग्नघरासारखे खुलतात! मावशी तर गुणगुणत होती. माझं डोकं फिरलं. मी पोपटाला म्हटलं, तुम्हाला मशीन नको असेल तर तसं सांगा, मी घरी जातो, माझी मुलगी बाळंत व्हायची आहे. त्याने ते भाषांतर करून सांगितलंच नाही. पहिल्यांदाच पोपटाने तोंड उघडलं नाही.

रात्रपाळी नसतानाही माणसं इथेच झोपतात. आधी दहा-बारा होती, आता पिठाच्या गोदामात पाय ठेवायला जागा नाही. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा. काहींना तर मी कामावर कधी बघितलेलंही नाही. पोत्यांवर सतरंज्या, मधे दोऱ्या बांधून पडदे. मी विचारलं की पोपट म्हणतो, ‘साहेब, घरं लांब आहेत.’ सगळ्यांची?

काल मी ठरवलं की पुरे झालं. पायी जाऊन गावातल्या कचेरीत सांगायचं की मला घरी पाठवा. बूट घातले, फाटकापर्यंत गेलो, तर मिशीवाले आडवे आले. मी उजवीकडे, तर ते उजवीकडे. मी डावीकडे, तर ते डावीकडे. साठीला आलेली दोन माणसं फाटकात कबड्डी खेळत होती. शेवटी त्यांनी हात जोडले. अगं, दांडगाई केली असती तर मी दोन हात केले असते. जोडलेल्या हातांचं काय करणार? पासपोर्ट मागितला तर तो तिजोरीत आहे आणि तिजोरीची किल्ली ‘मालकांकडे’, आणि मालक कुठे तर ‘बाहेरगावी’.

मला यांनी कोंडून ठेवलंय. का, ते कळत नाही. रागावत नाहीत, मारत नाहीत, उलट माझ्या खोलीत ऊबदार पांघरूण आणून टाकतात, आणि सोडत मात्र नाहीत. खिडकीतून साबणाच्या कारखान्याची भिंत दिसते. दिवसभर तीच बघतो. तू म्हणाली होतीस, ‘तिथे गेलात तर परत येणं तुमच्या हातात राहणार नाही.’ मी हसलो होतो. आता तू हस.

उद्यापासून मी त्या फाटकातल्या खुर्चीवर बसणार नाही. यांना शोभेची बाहुली हवी असेल तर दुसरी आणा म्हणावं.

चिडलेला

ता. २३

सरकार,

सगळं ठीक आहे. जरा सर्दी झालीय. अक्षर वाकडं आलंय ते ड्रायव्हर घाई करतोय म्हणून. खुर्चीवर पुन्हा बसायला लागलोय, बाहेर हवा बरी असते. काळजी करू नकोस. ठकीला आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

मी

ता. २५

सरकार,

परवाचं पत्र फाडून टाक. सर्दी नाही, काही नाही. ‘तब्येत सांभाळ’ असं मी तुला आयुष्यात कधी लिहिलेलं नाही, तेव्हा तुला संशय आलाच असेल.

मी रुसून खोलीत बसलो तो तिसरा दिवस. संध्याकाळी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण. पोपट रोज येऊन विनवायचा, त्या दिवशीही आला होता, मी दार उघडलं नाही. मग खाली जीप थांबल्याचा आवाज आला. रोज ती पुढे जाते. त्या दिवशी थांबली. ओरडाआरडा झाला, बायकांचा आवाज आला, आणि माझं दार धाडकन उघडून मिशीवाले आत. त्यांनी पिवळं जाकीट माझ्या बनियनवर चढवलं आणि दंडाला धरून मला जिन्यावरून फरफटत खाली नेलं.

अंगणात भिंतीला लावून सगळे तरणे उभे केले होते. भट्टीवाला होता, त्याचे मदतनीस होते, गोदामात झोपणारे ते पाहुणे होते. बंदुकवाले एकेकाच्या दंडाला हात लावून बघत होते. मावशी मुलाच्या पुढे उभी. तिची उंची त्याच्या छातीपर्यंत, तरी पुढे उभी. मी तसाच, गालावर साबण, पायात एक चप्पल, मधे जाऊन थांबलो. ‘नमस्कार’ म्हणालो. खरंच तेच म्हणालो.

त्यांच्या साहेबाने माझं जाकीट बघितलं, त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि पोपटाला काहीतरी विचारलं. मग शिट्टी मारली आणि सगळे मागे फिरले. जसे आले तसे गेले.

पण एक जण आधीच जीपमध्ये बसवला होता. शीळवाला. त्याला त्यांनी उतरवलं नाही. मी जीपमागे धावलो, हाका मारल्या, माझ्या भाषेत, त्यांच्या भाषेत, कुठल्या भाषेत कोण जाणे. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. सरकार, मी दोन मिनिटं आधी खाली आलो असतो, रोजच्यासारखा त्या खुर्चीवर बसलो असतो, तर तो आज ट्रे धूत असता. हे मला कुणी म्हणालं नाही. एकानेही नाही. मावशीने माझ्या गालावरचा साबण तिच्या पदराने पुसला. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग पोपट माझ्यासमोर बसला आणि पहिल्यांदा स्वतःचं बोलला. इथे रोज संध्याकाळी जीप फिरते. अठरा ते चाळीसच्या पुरुषांना उचलून लढाईला नेतात. परत कुणी आलेलं नाही. साबणाच्या कारखान्यातले सगळे नेले, म्हणून ती भिंत इतकी गप्प असते. फक्त जिथे परदेशी माणूस कामाला आहे तिथे शिरायचं नाही असा त्यांना वरून हुकूम आहे. मागे कुठेतरी एका परदेशी माणसाला धक्काबुक्की झाली आणि बाहेरून येणारी मदत काही काळ बंद झाली, तेव्हापासून. या गावात परदेशी माणूस एकच आहे. तो सध्या तुला पत्र लिहितोय.

म्हणून खुर्ची, म्हणून हेल्मेट, म्हणून गोदामातले पाहुणे. आणि म्हणून सोमवारी मशीन बंद. ते मला विचारावंही लागलं नाही. भट्टीवाल्याने खिशातून साखळीची पिन काढली आणि माझ्या हातात ठेवली. एवढा मोठा गडी, पोरासारखा रडत होता. मी इतके दिवस समजत होतो की हे माझ्यावर पहारा ठेवतात. अगं, पहारेकरी मीच होतो, आणि मी पहारा सोडून दाढी करत बसलो.

मला रडू येतंय आणि तू इथे नाहीस. एवढंच.

ता. २९

सरकार,

मिशीवाल्यांनी पासपोर्ट आणून दिला. मालक बाहेरगावी नव्हते, किल्ली मिशीवाल्यांच्याच कमरेला होती. म्हणाले, आता तुम्हाला सगळं माहीत आहे, आता अडवणं बरोबर नाही. फाटक उघडं आहे. त्या दिवसापासून मी फाटकाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. बंद होतं तेव्हा बाहेर जायला जीव तुटत होता. आता उघडं आहे आणि जाता येत नाही.

ड्रायव्हरने कंपनीचा निरोप आणलाय. साहेब लिहितात, ‘तुमच्या मिसेस रोज सकाळी ऑफिसात येऊन बसतात, आणि तुम्हाला परत आणल्याशिवाय उठणार नाही म्हणतात. मदतीच्या गाड्यांचा ताफा येत्या सोमवारी तिथून निघतो, त्यात तुमची जागा केली आहे.’ तो निरोप मी किती वेळा वाचला असेन! माझ्याशी बोलणार नाही म्हणालीस, आणि माझ्यासाठी साहेबांचं डोकं खाल्लंस. तो लाकडी बाक मला माहीत आहे, त्याचा एक पाय डुगडुगतो. पाठ धरली असेल तुझी.

आता खरं सांगतो. निरोप वाचला तेव्हा आधी आनंद झाला. ठकी दिसली, तू दिसलीस, आपला ओटा दिसला. बॅग भरलीसुद्धा. मग खाली गेलो तर मावशी कणीक मळत होती. तिला पोपटाने सांगितलं होतं. तिने वर बघितलं नाही, पण तिचे हात थांबले. मी वर येऊन बॅग रिकामी केली. मग पुन्हा भरली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी सदरे घड्या घालतोय.

या लोकांचं असं चाललंय: ट्रकमध्ये पावाच्या मागे दर खेपेला दोन-तीन माणसं लपून सीमेपार जातात. गोदाम भरलेलं आहे, खेपा हळू आहेत. सगळे गेले की मीही जाईन. हे लिहू नये खरं तर. पण हे पत्रही त्याच ट्रकमधून जातं. पत्र सापडलं तर माणसंही सापडलेलीच असणार.

तेव्हा आज मी मशीन बिघडवलं. माझ्या हातांनी. चाळीस वर्षांत मी बंद मशीन मागे ठेवून घरी जेवायला आलो नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! कणीक न् पिन हे पोरखेळ झाले. मी थेट मोठ्या गिअरचा दात उडवला. हातोडा उचलला आणि हात वरच राहिला, खाली येईना. भट्टीवाला शेजारी उभा होता. त्याने माझ्या मनगटाला हात लावला, दोघांनी मिळून घाव घातला. मग मी बाजूला जाऊन पाणी प्यायलो.

पण कंपनीने इथल्या कचेरीला कळवलंय की आमचा माणूस निघतोय. तसं असेल तर परवानावाला शिक्का मारणार नाही, मशीन कितीही मोडकं असो. त्याला कंपनीचं पत्र लागेल, की मशीन अजून दुरुस्त झालेलं नाही, आमच्या माणसाला राहू द्या. ते पत्र साहेब माझ्या सांगण्यावरून देणार नाहीत, कारण मी त्यांना खरं कारण कळवू शकत नाही. ते फक्त तूच आणू शकतेस. ज्या बाकावर बसून ‘त्यांना आणा’ म्हणालीस, त्याच बाकावर बसून ‘राहू द्या’ म्हणायचं.

हे मागायला मला तोंड नाही. ठकीच्या वेळी मी नसेन. तुला न विचारता इकडे आलो, आता निदान राहायचं की नाही ते विचारतोय. पुढच्या सोमवारी पुन्हा एक ताफा आहे. तुझं उत्तर ‘या’ असलं तर त्यात बसेन आणि तुला कधीही दोष देणार नाही. हा सोमवार मी कसाबसा ढकलतो, तापाचं सोंग आणून.

तुझा

ता. ३

अहो,

पत्रं सगळी मिळाली. पहिली दोन मी वाचली नव्हती, उशीखाली ठेवली होती. तिसरं आलं तेव्हा सगळी एकदम वाचली आणि ऑफिस गाठलं. सर्दीचं मला खरं वाटलंच नाही. तुम्हाला सर्दी झाली की तुम्ही चार पानं लिहिता, चार ओळी नाही.

ठकीला मुलगी झाली. मंगळवारी. दोघी छान आहेत. डोकंभर केस आहेत आणि आवाज तुमच्यावर गेलाय. जावई रडले, मी नाही रडले, मला वेळ नव्हता.

तुमचं शेवटचं पत्र काल दुपारी आलं. वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. पोचे आलेत त्याला, आल्यावर काढून द्या. मग ठकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘आई, त्या मावशीच्या जागी तू असतीस तर?’ मी म्हटलं, मला नको शिकवूस. आणि साडी बदलली.

साहेब मला बघून उठूनच उभे राहिले. म्हणाले, ‘बाई, केली ना व्यवस्था, आता काय?’ मी म्हटलं, ‘ती रद्द करा. आमचे हे अर्धवट काम टाकून यायचे नाहीत. मशीनचा मोठा गिअर गेलाय. तसं पत्र तिथल्या कचेरीला द्या.’ ते म्हणाले, ‘गेल्या आठवड्यात तर तुम्ही टेबलावर हात आपटत होता!’ मी म्हटलं, ‘तेव्हा आपटत होते, आज विनंती करतेय.’ ते म्हणाले, ‘तिथे धोका आहे हो.’ मी म्हटलं, ‘ते तुम्हाला त्यांना पाठवताना माहीत नव्हतं का?’ मग त्यांनी टायपिस्टला बोलावलं. पत्र टाईप होऊन सही होईपर्यंत मी तिथेच बसले. या पत्रासोबत ते आहे. शिक्का नीट उमटलाय, दोनदा मारायला लावला.

बाहेर आले आणि जिन्यातल्या पायरीवरच बसले. शिपायाने पाणी दिलं. ज्या कागदासाठी मी भांडले तो तुम्हाला तिथेच ठेवायचा कागद होता, आणि तो मी छातीशी धरून चालले होते. माझ्यासारखी खुळी दुसरी नसेल.

एक सांगते. गिअर एकदाच तोडून भागणार नाही. कंपनी नवा गिअर पाठवणार म्हणाली, तो पोचेल. परवानावाला दर सोमवारी तेच ते बघून मूर्ख बनेल असं समजू नका. वेगवेगळ्या ठिकाणी बिघाड करा, आणि शांतपणे. तुम्ही घाईत केलेलं काम लगेच कळतं.

राग गेलेला नाही. तो काढायला तुम्ही समोर लागता. त्या माउलीला सांगा की इथे एक बाई रोज तिच्या मुलाचा विचार करते. पोपट सांगेल तिला.

मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही. ठकी म्हणते, बाबांनीच ठेवायचं, ते येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, अगं, उशीर झाला तर पोर बिननावाची रांगायला लागेल. म्हणाली, रांगू दे. दवाखान्यातल्या बाई कालही विचारत होत्या, नाव काय लिहू? मी म्हटलं, जागा रिकामी ठेवा, तिचे आजोबा कामावर गेलेत.